जहाज उशिरा आलं, गाडीला पोचा आला : पैसे कोणाचे गेले?



मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हा होता : "सर, जपानमध्ये जुन्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणे. आणून विकल्या तर?" व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण विषय दोन मिनिटांचा नाही. म्हणून हा धडा लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आधी सरळ उत्तर. भारतात हा धंदा छोट्या माणसासाठी जवळपास बंद आहे. आपल्या आयात धोरणानुसार परदेशातली वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडेच हवं. गाडी फक्त मुंबई बंदरातून येऊ शकते. आल्यावर पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. त्यात कर इतका, की गाडीच्या मूळ किमतीपेक्षा करच जास्त होतो. मग स्वस्त काय राहिलं?

पण हाच धंदा केनिया, टांझानिया, न्यूझीलंड अशा देशांत जोरात चालतो. तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने गाडी चालवतात आणि जपानमध्येही तसंच, त्यामुळे स्टिअरिंगचा प्रश्न येत नाही. जपानमध्ये 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला ती तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी करावी लागते. ती महाग पडते, म्हणून लोक चांगल्या गाड्यासुद्धा लवकर विकतात. त्या लिलावात जातात आणि तिथून जहाजात.

माझा मामेभाऊ नैरोबीत आहे. २०२४ मध्ये त्याने या धंद्यात पहिलं पाऊल टाकलं आणि हिशोब मांडून दिला मी. हो, तुमच्या या ट्रेनर सरांनीच. त्या हिशोबात मी एक मोठी चूक केली. ती आज तुमच्यासमोर ठेवतो, कारण तुम्ही गाड्या आणा, चीनहून मशीन आणा किंवा सुरतहून साड्या आणा, ही चूक तुम्हीही करणार आहात.

१) कागदावरचा हिशोब

त्याने तीन गाड्या घेतल्या. समजायला सोपं जावं म्हणून सगळे आकडे रुपयांत आणि गोल करून देतोय.

एका गाडीची किंमत आणि मोंबासापर्यंतचं जहाजभाडं : ७ लाख
तिथला कर, बंदर आणि क्लिअरिंग एजंट : ५ लाख
एकूण : १२ लाख
विक्री : १३ लाख २० हजार
एका गाडीमागे नफा : १ लाख २० हजार
तीन गाड्यांचा नफा : ३ लाख ६० हजार

३६ लाखांपैकी २० लाख कर्ज, महिना दीड टक्का व्याजाने. पैसे भरल्यापासून विक्रीपर्यंत मी ६० दिवस धरले होते आणि तेवढं व्याज खर्चात टाकलं होतं. मी त्याला फोनवर म्हटलंसुद्धा, "अरे, दोन महिन्यांत दहा टक्के! एफडीत मिळतात का कुठे?"

या हिशोबात बेरीज चुकलेली नाही. एक कॉलमच नाही. साठचे नव्वद दिवस झाले तर काय? शंभर झाले तर? तो कॉलम मी केलाच नव्हता.

२) प्रत्यक्षात काय झालं

१४ ऑक्टोबरला पूर्ण पैसे गेले. २ नोव्हेंबरचं जहाज ठरलं होतं.

केनियात जाणाऱ्या गाडीची जहाजावर चढण्याआधी जपानमध्येच तपासणी होते. ती पास झाली तरच प्रमाणपत्र मिळतं. तीनपैकी एक गाडी नापास झाली : टायर झिजलेले आणि एका शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळत होतं. दुरुस्ती आणि फेरतपासणी होईपर्यंत जहाज निघून गेलं. तिन्ही गाड्या एकाच बुकिंगवर होत्या, म्हणून उरलेल्या दोन चांगल्या गाड्याही थांबल्या. पुढचं जहाज १९ नोव्हेंबरला निघालं.

आता खरी धाकधूक. केनियाचा नियम आहे की पहिली नोंदणी आठ वर्षांच्या आतली हवी आणि ही मोजणी दर १ जानेवारीला एक वर्ष पुढे सरकते. २०२५ उजाडलं की २०१८ किंवा त्यानंतरच्याच गाड्या चालणार होत्या. तीनपैकी एक गाडी, नेमकी तीच नापास झालेली, २०१७ ची होती. म्हणजे ती ३१ डिसेंबरच्या आत मोंबासाला पोहोचली तर १३ लाखांचा माल, आणि १ जानेवारीला पोहोचली तर आपल्याच खर्चाने परत पाठवायचं ओझं. नियम तोच, गाडी तीच, फरक एका रात्रीचा.

ते जहाज वाटेत दोन बंदरांवर रेंगाळलं. डिसेंबरभर भाऊ रात्री दोन वाजता उठून फोनवर जहाजाचं ठिकाण बघायचा. मला एकदा म्हणाला, "दादा, समुद्रात एक ठिपका आहे आणि माझं घर त्याच्यावर आहे." मी काय बोलणार?

जहाज २७ डिसेंबरला लागलं. चार दिवस राखून. आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. तो जरा लवकरच सोडला.

२८ तारखेला एजंटने कागद तपासले, तर बिल ऑफ लेडिंगवर एका गाडीचा चॅसिस नंबर चुकलेला. आठच्या जागी तीन. एकच आकडा! कस्टम्सला चॅसिसवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर तंतोतंत एक हवा. दुरुस्ती जपानमधूनच होणार आणि तिथे वर्षअखेरच्या सुट्ट्या. तिथलं ऑफिस उघडलं ६ जानेवारीला. गाड्या बंदरातून बाहेर पडल्या १० जानेवारीला. मोफत दिवस संपल्यावर ११ दिवसांचं स्टोरेज भरावं लागलं.

मनाला लागणारी गोष्ट म्हणजे, बिल ऑफ लेडिंगचा कच्चा मसुदा भावाला नोव्हेंबरमध्येच ईमेलवर आला होता. त्याने न वाचता "ओके" लिहून पाठवलं होतं.

बाहेर काढताना तिन्ही बॅटऱ्या बसलेल्या. एका बंपरला पोचा आणि लांब चरा. एका गाडीचं स्टेपनी, जॅक आणि नेव्हिगेशनचं कार्ड गायब. एजंटच्या मुलाने मात्र गेटवर "माल सुस्थितीत मिळाला" असं लिहिलेल्या कागदावर सही करून टाकली होती. अ‍ॅडव्हान्स दिलेलं एक गिऱ्हाईक वाट बघून कंटाळलं आणि पैसे परत घेऊन गेलं. ती गाडी शेवटी ६० हजार कमी घेऊन विकावी लागली. शेवटची गाडी विकली १६ फेब्रुवारीला. ठरलेले ६० दिवस, लागले १२५.

३) खरा हिशोब

जास्तीच्या ६५ दिवसांचं व्याज : ६५,०००
स्टोरेज, तीन गाड्या, ११ दिवस : ८२,५००
कागद दुरुस्ती आणि कुरिअर : १८,०००
तीन बॅटऱ्या : २७,०००
बंपरचं काम : २२,०००
हरवलेल्या वस्तू : २६,०००
कमी किमतीत विक्री : ६०,०००
एकूण : ३,००,५००

३ लाख ६० हजारांतून उरले ५९,५००. चार महिन्यांची मेहनत, ३६ लाखांची जोखीम आणि भरपूर रात्रींची झोप, यांचे. त्यात स्वतःचा पगार धरला तर तोटाच.

आता हा हिशोब नीट बघा. कुठलीही एक रक्कम धंदा बुडवण्याइतकी मोठी नाही. जहाज बुडालं नाही, आग लागली नाही, कोणी फसवलं नाही. छोट्या छोट्या भोकांतून पाणी गेलं. छोटा धंदा बहुतेक वेळा असाच रिकामा होतो.

४) उशीर दोन प्रकारचा असतो

या धड्यातला सगळ्यात कामाचा भाग हा. जहाज समुद्रात असताना भावाला रोज फक्त व्याज लागत होतं : २० लाखांवर दीड टक्का म्हणजे महिना ३० हजार, रोजचे १,०००. गाड्या बंदरात अडकल्यावर रोज १,००० व्याज अधिक ७,५०० स्टोरेज, म्हणजे ८,५००.

समुद्रातला एक दिवस हजाराचा, बंदरातला एक दिवस साडेआठ हजारांचा. आणि आपण काळजी कशाची करत होतो? समुद्रातल्या ठिपक्याची!

समुद्रातला उशीर आपल्या हातात नसतो. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस वाहतूक बंद पडली. ते जहाज सुटलं, पण भरपाईच्या वादात इजिप्तने ते जुलैपर्यंत सोडलं नाही. त्यावर ज्यांचा माल होता त्यांनी काय करायचं? काहीच करता येत नाही. अशा उशिरासाठी फक्त तरतूद करता येते. बंदरातला उशीर मात्र बहुतेक वेळा कागदाचा असतो आणि कागद आपल्या हातात असतात.

म्हणून तीन सवयी लावून घ्या.

पहिली : बिल ऑफ लेडिंगचा मसुदा आला की दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा आणि स्वतः इनव्हॉइस व जपानच्या निर्यात प्रमाणपत्राशी एकेक आकडा जुळवा. दहा मिनिटं लागतात. भावाचे हेच दहा मिनिटं वाचवण्याचे सगळे मिळून लाखभर रुपये गेले.

दुसरी : मूळ कागद जहाजाच्या आधी पोहोचतील हे बघा. पैसे भरताना विक्रेत्याकडून कुरिअरची तारीख लेखी घ्या.

तिसरी : जहाज लागायची वाट न बघता कस्टम्सचे कागद आधीच दाखल करा. आपल्याकडेही बिल ऑफ एंट्री माल येण्याच्या ३० दिवस आधीपासून भरता येतं आणि उशिरा भरलं तर वेगळा दंड लागतो. न्हावा शेवाला माल मागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आणि कॅलेंडर बघा. आपली दिवाळी, चीनचं नववर्ष, जपानच्या वर्षअखेरच्या सुट्ट्या. जिथून माल येतो तिथले सण आपल्या भिंतीवर लागले पाहिजेत. कायद्याची शेवटची तारीख असेल तर माल किमान दीड-दोन महिने आधी पोहोचेल असंच बुकिंग करा, नाहीतर तो माल घेऊच नका.

५) नुकसान कुठे होतं?

गाडी लिलावापासून तुमच्या दारापर्यंत येताना किती हात बदलते ते मोजा : लिलावाचं मैदान, जपानमधला ट्रक, तिथलं यार्ड, जहाज, इथलं बंदर, एजंटचा ड्रायव्हर आणि मोंबासा ते नैरोबीचा जवळपास ४८० किलोमीटरचा रस्ता. पोचा यातल्या कुठल्या हातात आला, हे सिद्ध करता आलं नाही तर तो तुमचा.

सुरुवात लिलावापासूनच होते. तिथे गाडीसोबत तपासणीचा कागद असतो, ऑक्शन शीट. त्यावर गाडीच्या चित्रावर खुणा असतात. सर्वसाधारणपणे ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा, एस म्हणजे गंज. पुढचा आकडा जितका मोठा तितकं नुकसान जास्त. ग्रेडच्या जागी आर किंवा आरए असेल तर गाडी अपघातानंतर दुरुस्त केलेली आहे. विक्रेत्याचे चकचकीत फोटो बघून भुलू नका, मूळ शीट मागा.

जहाजाचे दोन मार्ग आहेत. रो-रो जहाजात गाडी चालवत चढवतात आणि चालवत उतरवतात. ते स्वस्त पडतं, पण गाडी उघडी राहते आणि किल्ली अनेकांच्या हातात जाते. कंटेनरमध्ये गाडी बांधून कुलूपबंद येते, पण खर्च जास्त आणि कंटेनर अडकला तर डेमरेज, परत द्यायला उशीर झाला तर डिटेन्शन. सुट्या वस्तू चोरीला जाण्याची भीती रो-रोमध्ये जास्त, म्हणून काढता येण्यासारखं काही गाडीत ठेवू नये.

बॅटरीची गोष्ट क्षुल्लक वाटते ना? ४ जून २०२० रोजी अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल बंदरात 'होएघ शामेन' नावाच्या जहाजाला आग लागली. त्यावर २,४२० जुन्या गाड्या होत्या. आग विझायला आठवडाभर लागला, अग्निशमन दलाचे नऊ जवान जखमी झाले आणि गाड्या गेल्या. अमेरिकेच्या तपास यंत्रणेचा निष्कर्ष असा की जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या नियमाप्रमाणे नीट सोडवल्या नव्हत्या. बॅटरीची एक तार सोडली नाही म्हणून अख्खं जहाज गेलं. तेव्हा चढवण्याआधी "बॅटरी सोडवली का?" हे लेखी विचारायला लाजू नका.

६) विमा होता की! मग?

भावानेही हेच विचारलं. त्याच्याकडे विमा होता, सगळ्यात स्वस्त. पॉलिसी उघडून वाचली तेव्हा कळलं की ती फक्त संपूर्ण नुकसानीसाठी आहे. गाडी बुडाली तर पैसे, बंपर फुटला तर नाही.

तुम्ही घेताना एवढं समजून घ्या :

• भाव सी अँड एफ असेल तर त्यात भाडं असतं, विमा नसतो. सीआयएफ असेल तर विमा असतो, पण इन्कोटर्म्सप्रमाणे विक्रेत्यावर फक्त किमान विम्याचं, म्हणजे क्लॉज सी चं बंधन असतं. सर्वात व्यापक क्लॉज ए असतो.

• दोन्ही प्रकारांत माल जहाजावर चढला की जोखीम तुमची. भाडं विक्रेत्याने भरलंय म्हणून जबाबदारीही त्याची, असं नसतं.

• क्लॉज ए घेतला तरी उशिरामुळे होणारं नुकसान त्यात बसत नाही. व्याज, स्टोरेज, गेलेलं गिऱ्हाईक, हे सगळं तुमच्या खिशातून.

• जुन्या गाड्यांच्या पॉलिसीत ओरखडे, पोचे, गंज आणि इलेक्ट्रिकल बिघाड अनेकदा वगळलेले असतात. एजंटला तोंडी विचारू नका, ते पान वाचा.

• सही करण्याआधी बघा. समुद्री वाहतुकीच्या हेग नियमांत दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल घेतानाच द्यायची असते, न दिसणाऱ्या नुकसानीची तीन दिवसांत. दावा दाखल करायला एक वर्ष मिळतं, पण "सुस्थितीत मिळाला" वर सही झाली की तुमची बाजू तिथेच लंगडी पडते.

म्हणून माझा नियम : ताबा बदलला की फोटो. चारही बाजू, छत, काचा, मीटर, डिकी, स्टेपनी. तारीख दिसेल असे. आणि पावतीवर लिहा, "बंपरला पोचा, स्टेपनी नाही." समोरचा माणूस घाई करतो, मागे रांग लागलेली असते, तरी लिहा. तिथले दोन मिनिटांचे वाईटपण परवडतं.

७) नवा हिशोब

आता मी कोणत्याही आयातीच्या हिशोबात तीन कॉलम करतो.

पहिला, सगळं वेळेत आलं तर. दुसरा, दिवस दीडपट लागले तर. तिसरा, दिवस दुप्पट लागले, दहा दिवस बंदरात अडकले आणि एका नगाला मार लागला तर. तिसऱ्या कॉलममध्ये नफा शून्य आला तरी चालेल. घर चालवायचे पैसे किंवा कर्जाचा हप्ता अडकत असेल, तर तो सौदा तुमच्यासाठी नाही. मग कितीही स्वस्त असो.

आणखी दोन गोष्टी. पहिल्या खेपेला एकच नग मागवा. आणि गिऱ्हाइकाला तारीख सांगताना "साधारण अमुक महिन्यात, पोहोचल्यावर कळवतो" असं सांगा. उशीर झाला तर त्याच्या फोनची वाट न बघता आपणच फोन करा. भावाचं जे गिऱ्हाईक गेलं ते उशिरामुळे गेलं नाही. तीन आठवडे त्याला कोणी काही कळवलंच नव्हतं म्हणून गेलं.

भाऊ अजून त्याच धंद्यात आहे. आता एका वेळी एकच गाडी आणतो, वर्षअखेरीला काठावरची गाडी घेत नाही आणि मसुदा आला की वहिनी नंबर वाचते, हा तपासतो. मागच्या महिन्यात म्हणाला, "दादा, आता नफा कमी दिसतो कागदावर, पण जेवढा दिसतो तेवढा हातात येतो."

गृहपाठ

तुमच्या धंद्यातला कोणताही एक माल घ्या, जो बाहेरगावाहून येतो. त्याचे चार आकडे लिहा : पैसे भरल्यापासून विक्रीपर्यंतचे दिवस, वाटेतल्या उशिराचा रोजचा खर्च, गोदामात किंवा ट्रान्सपोर्टमध्ये अडकल्यावरचा रोजचा खर्च आणि एकूण नफा. मग नफ्याला रोजच्या खर्चाने भागा. जे उत्तर येईल तेवढेच दिवस तुमचा धंदा उशीर सोसू शकतो. भावाचं उत्तर बंदरासाठी ४२ दिवस होतं, आणि तेही एकही पोचा न धरता.

तुमचं किती येतं ते कमेंटमध्ये लिहा. मी वाचतो, उत्तरही देतो. भेटू पुढच्या धड्यात.